चार बोटांची जागा

१८ जानेवारी, रविवार. सकाळी सहा वाजता मी बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टेप घेऊन ओणवी झाले होते. गाडीच्या मागे दिराची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली, जोडली होती. डिकीचं दार उघडताना कॅरॅव्हॅनच्या जॅकला अडतं का, एवढंच बघायचं होतं. हा जॅक म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर उभा असलेला लोखंडी खांब. कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवली की ती त्याच्यावर टेकते. डिकीचं दार आधी मागे येतं आणि मग वर जातं. ते खांबाच्या डोक्यापासून चार बोटं लांबून गेलं. मी दोनदा उघडून पाहिलं, दोन्ही वेळा चार बोटं. समाधान झालं.

गाडीतून यांचा आवाज आला, "झालं का मोजून? अख्ख्या बिल्डिंगचे नकाशे काढतेस, आणि एक दार तपासायला अर्धा तास?"

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं नकाशे काढते आहे. माझ्या हातून निघालेला जिना कुणाच्या डोक्याला लागलेला नाही. "तुम्ही शांत बसा. बोलून दम लागेल," एवढंच मी म्हटलं.

यांना फुप्फुसं आखडत जाण्याचा आजार आहे. गेल्या वर्षापासून ऑक्सिजन लावावा लागतो. कोकणात आमच्या कुलदेवीला एकदा जाऊन यायचं, हे त्यांनी दिवाळीपासून मनात धरलं होतं. माझं देवीशी भांडण नव्हतं, पण भरवसाही नव्हता. आजारी माणसाला दहा-बारा तास गाडीत बसवून नेण्यात देवीचा काय फायदा, हे मला समजत नव्हतं. तसं मी बोललेही. यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, थांबत थांबत, आडवं करत न्या. म्हणून ही कॅरॅव्हॅन. गाडी थांबली की तिच्यात दोन तास झोपवायचं आणि मग पुढे निघायचं.

सामान मीच लावलं. ऑक्सिजनचं मशीन पुढे, गाडीच्या सॉकेटवर. मोठा सिलिंडर मात्र डिकीत, दाराच्या अगदी काठाशी, म्हणजे दार उघडलं की हाताशी. त्याच्यावर घडीची व्हीलचेअर. ब्रेक लागला तर सामान अंगावर येऊ नये म्हणून मागच्या सीटच्या पाठीमागे मी जाळी बसवून घेतली होती. जॅक फिरवायचा दांडा आणि चाकाखाली लावायचे ठोकळे, तेही डिकीतच. सगळं जिथल्या तिथे. त्या मांडणीबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, हे लपवत नाही.

कॅरॅव्हॅन ओढत जोगेश्वरीच्या मोठ्या रस्त्यावरून जायची मला धास्ती वाटत होती. आरे कॉलनीच्या झाडीतून सावकाश जावं, मग पवईला बाहेर पडावं, असं ठरवलं. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. तबेल्यांचा वास, झाडांत धुकं. हे खिडकीतून बघत होते, आणि खूप दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला दिसत होता.

रस्ता एका ओढ्याकडे उतरतो, लहानसा खोलगट भाग येतो आणि लगेच समोर चढ लागतो. तिथे मशीन वाजायला लागलं. आधी एकेक टूं, मग सलग. पडदा काळा. सॉकेटचा फ्यूज गेला होता आणि मशीनची बॅटरी जुनी, ती पाच मिनिटंही टिकली नाही. मी गाडी तिथेच, खोलगटात, कडेला घेतली. यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा मीटर लावला. त्र्याण्णव. बघता बघता नव्वद, मग सत्त्याऐंशी.

मी उतरले, मागे गेले, डिकीचा खटका दाबला. दार जरासं मागे आलं आणि खाड्कन जॅकच्या डोक्यावर आपटलं.

मला कळेना. मी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा खाड्. सकाळी चार बोटं होती आणि आता एकही नव्हतं. फटीतून सिलिंडरची पांढरी मान दिसत होती. हात मनगटापर्यंतच आत जात होता. कॅरॅव्हॅन सोडवायची तर दांडा आणि ठोकळे आत. सीटवरून घ्यायचं तर मध्ये माझीच जाळी, स्क्रूंनी आवळलेली. जवळचं हॉस्पिटल मरोळला, कॅरॅव्हॅन ओढत अर्धा तास तरी. ॲम्ब्युलन्सला फोन केला. येतो म्हणाले, पण ती किती लांबून यायची ते मला माहीत होतं. हे काचेतून माझ्याकडे बघत होते आणि ओठ गोल करून हवा ओढत होते. त्र्याऐंशी.

मी दाराला लाथ मारली. खरं सांगते, त्या वेळी देवीला हाक मारली नाही. मी तिला बोललेच. म्हटलं, तुझ्याकडेच आणत होते ना त्यांना?

"अगं बाय, दाराला कशाला मारतेस?"

चढाच्या वरून एक बाई उतरत होती. पन्नाशीची, माझ्याएवढीच. डोक्यावर पाल्याभाजीची पाटी, पायात पुरुषी चपला. आरेतल्याच कुठल्या तरी पाड्यातली असावी. मी एका दमात सांगितलं, नवरा आत आहे, श्वास लागलाय, ऑक्सिजन इथे अडकलाय. तिने पाटी खाली ठेवली, गाडीकडे पाहिलं, कॅरॅव्हॅनकडे पाहिलं. इतक्या शांतपणे, की मला तिचा राग आला.

"खड्ड्यात उभी केलीस ना," ती म्हणाली. "तुझ्या गाडीचं तोंड वर आणि त्या डब्याचं तोंड खाली. दोघं एकमेकांवर वाकलेत. दार कसं उघडेल?"

"मग काय करू?"

"वर घे. माथ्यावर. तुझी गाडी पलीकडे उतरली आणि डबा अजून चढतोय, तिथं थांबव. मग दोघांची पाठ फिरते. माझा बाप गवताचा ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॉलीचं असंच असतं. चल, बस लवकर, बघतेस काय!"

मी बसले. माथा जेमतेम साठ-सत्तर पावलांवर होता. एवढ्या अंतरासाठी मी तिथे उभी राहून दारावर डोकं आपटत होते. पहिल्या गिअरमध्ये चढले. ती बाई मागून चालत येत होती आणि हात उंचावून सांगत होती, अजून, अजून, बस. मी हँडब्रेक ओढला आणि धावले. दार उघडलं. जॅकच्या वरून, ऐटीत, चांगली पाच-सहा बोटं सोडून. तिने व्हीलचेअर बाजूला धरली, मी सिलिंडर ओढून काढला, नळी बदलली, चावी फिरवली. ऐंशी. ऐंशी. मग ब्याऐंशी. नव्वद दिसेपर्यंत मी रस्त्यावर गुडघे टेकून यांचा हात धरून होते. मग ॲम्ब्युलन्सला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

हे पहिलं वाक्य बोलले ते असं, "त्या बाईंना पाणी दे."

मी मागे वळले. ती पाटी आणायला खाली गेली होती. परत आली ती रस्त्याच्या कडेला बसली. तिथे झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता, त्यावर वाघाचं चित्र कोरलेलं. मी विचारलं, रोज इथे बसता का? "नाही गं. मी मरोळला जाते विकायला. आज वाघदेवाला भाजी ठेवायची म्हणून थांबले, तर खालून तुझ्या दाराचा आवाज आला. दुपारी आमच्याकडे पूजा आहे." ती पाणी प्यायली आणि माझ्या हातातून एक केळं घेऊन निघाली. नावही सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आम्ही पुढे गेलो नाही. एका तबेल्याच्या मोकळ्या पटांगणात कॅरॅव्हॅन वळवली आणि घरी परतलो. फाटकाशी गाडी उभी केली तेव्हा सकाळचं गणित माझ्या लक्षात आलं. आमचं फाटक उतारावर आहे. मी मोजलं तेव्हा गाडी उतारावर आणि कॅरॅव्हॅन मागे सपाटीवर, म्हणून जागा जास्त दिसली. माप बरोबर होतं. पण मी ते जिथे घेतलं होतं, तिथे आम्हाला थांबायचंच नव्हतं.

दुपारी यांना झोप लागली. मी जेवण टाकून बसले आणि विचार करत राहिले. माझं एवढंच ठरलं होतं, की सगळं नीट केलं की काही होत नाही. या आजारात मी गेलं वर्षभर तसंच जगले. औषधांच्या वेळा, बोटावरचा मीटर, कोणत्या खोलीपर्यंत किती पावलं. त्यात चूक नाही, आणि ते मी सोडणारही नाही. पण त्या खोलगटात मी केलेली प्रत्येक नीट गोष्ट माझ्याच वाटेत उभी होती. जाळी, दांडा, ठोकळे, सगळं. आणि जिच्याकडे काहीच नव्हतं, फक्त बापाचा ट्रॅक्टर आठवत होता, ती चालत आली. ती देवी होती असं मी म्हणत नाही. ती भाजी विकणारी बाई होती, आणि तिला उशीर होत होता. पण नेमक्या त्या वेळी ती त्या चढावर होती, हे मी मोजून ठेवलेलं नव्हतं. ते कुणी ठेवलं, हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसतानाही हात जोडता येतात, हे मात्र त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यांना समोर बसवून तपासलं आणि सांगितलं, यांना बरं वाटत असेल तर जा, सिलिंडर जवळ ठेवा. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, राहू दे का यंदा?" हे म्हणाले, "तू ठरव. मी दोन्हीकडे तुझ्याबरोबरच आहे." रागाने नव्हे, अगदी सहज. दिवाळीपासून ज्याची वाट पाहिली ते त्यांनी माझ्या हातात असं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्यूज बदलून घेतला, जाळी काढून टाकली, सिलिंडर यांच्या शेजारच्या सीटला पट्ट्याने बांधला आणि कॅरॅव्हॅन पुन्हा जोडली. आरेतल्या त्या माथ्यावर गाडी थांबवली. ती बाई नव्हती. मी चपला काढून त्या दगडासमोर उभी राहिले. आजवर देवासमोर मी उभी राहायचे ती काहीतरी मागायला, तेही अटी घालून. त्या दिवशी मागायला काही आठवेना. "आम्ही निघालोय," एवढंच म्हटलं. मग गाडीत येऊन बसले, यांनी काच खाली घेतली आणि मी गाडी उतारावर सोडली.