फेअर केलेली फाइल

तात्यापारा मोहल्ल्यातल्या विनोदिनीबाईंना राग आला की त्या आधी चष्मा पुसतात. त्या मंगळवारी सकाळी आपल्या हिंदी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांनी तो तीनदा पुसला. पण हातातल्या निळ्या फाइलीत जे होतं ते काही बदललं नाही. एकूण एक पान स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नावाला नाही.

"शेवंता, हे काय केलं तू?"

"फेअर केलं जी," शेवंता शाबासकीच्या आशेनं म्हणाली. "साहेब लोक येऊन राहिले, अन् पोट्टीची पानं किती घाण दिसत होती. तिच्या मामेबहिणीनं, निधीनं, शुद्ध लिहून दिलं. गोदूनं पाहून पाहून उतरवलं. बारा दिवस बसली बिचारी."

"आणि जुनी पानं?"

"रद्दीवाल्याले दिली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रद्दीवाल्याला! दोन वर्षांचं काम, किलोच्या भावानं!

गोदू ही शेवंताची मुलगी, वय पंधरा, नववीत. शेवंता पंडरीच्या कापडबाजारात एका साडीच्या दुकानात फॉल-पिको करते, आणि तिथल्या गिऱ्हाइकांच्या नकला गोदू अशा करते की अख्खा वर्ग हसून लोळतो. पण तेच लिही म्हटलं की पोरगी घामाघूम. शब्द अर्धे राहतात, वाक्य मध्येच तुटतं, एका ओळीला पाव तास जातो. समोरचं उतरवून काढ म्हणा, चित्र काढावं तसं सुरेख उतरवेल, पण त्यातलं तिला काही कळलेलं नसतं. नववीत एकदा नापास झालीच होती. दहावीत गचकली तर सरळ शिलाई मशीनवर बसवायची, असं मामानं सांगून टाकलं होतं.

लिहिण्याची अशी अडचण असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, लिहायला लेखनिकही मिळतो. त्यासाठी तपासणीची समिती मुलाचं लिखाण पाहते. समिती येते वर्षातून एकदा, आणि ती आजच यायची होती.

'स्पेशलवाली मॅडम' हे पद विनोदिनीबाईंनी काही मागून घेतलं नव्हतं. त्याआधी वीस वर्षं त्यांनी नुसती हिंदी शिकवली होती. आठ वर्षांपूर्वी शाळेला या मुलांसाठी एक शिक्षक दाखवणं भाग पडलं, तेव्हा कोर्सला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि बाईंचं नाव पाठवलं गेलं. गेल्या कुरकुरत, पण तिथे त्यांचे डोळे उघडले. तेव्हापासून त्यांची रीत ठरलेली. आधी मुलाला बोलतं करायचं, ते काय म्हणालं ते आपण टिपून घ्यायचं, मग त्यालाच लिहायला द्यायचं. लाल पेन बंद. समासात पेन्सिलीनं नोंद: तोंडी अकरा वाक्यं, कागदावर दोन, वेळ चाळीस मिनिटं. गोदूची अशी छप्पन्न पानं झाली होती. प्रत्येक पानावर पालकाची सही हवी, या एका नियमापायी फाइल घरी गेली आणि आता ही अशी परत आली.

समितीत तिघे होते, प्रमुख शालिग्राम साहेब. त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वाह! इतनी सुंदर लिखावट! मेरा बेटा भी ऐसा नहीं लिखता. इस बच्ची को दिक्कत क्या है?"

बाई समजावायला लागल्या. हे उतरवलेलं आहे, मूळ पानं गेली. साहेबांनी तपासणीच्या गुणांचा तक्ता पुढे केला. त्यात स्वच्छतेला पाच गुण आणि विचारांना दोन. हा तक्ता ज्या शहाण्यानं केला तो आयुष्यात एका मुलाशेजारी बसला नसेल. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! स्वच्छतेत गोदूला पाचपैकी पाच पडले.

"हम तो वही देखेंगे जो रिकॉर्ड में है, मैडम."

"तो सामने लिखवा लीजिए," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरू दिला नाही. "आधा घंटा. आप चाय-पोहा लीजिए, तब तक."

साहेबांनी नाइलाजानं मान हलवली. विषय दिला, कल मैंने क्या किया. बाईंनी रीतीप्रमाणे गोदूला आधी बोलायला लावलं, साहेबांच्या देखत. गोदू सुटलीच. गोल बाजारात कुकरचं झाकण बदलायला गेलो, दुकानदार म्हणाला झाकण बरोबर आहे, कुकरच वाकडा आहे, मग आईनं तोच कुकर त्याच्या डोक्यावर बसवून माप घ्यायचं काढलं. पोह्याची बशी धरून उभा असलेला शिपाईसुद्धा हसला.

मग कागद-पेन्सिल देऊन तिला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि बाई शेवंताला घेऊन बाहेर आल्या.

"काही अक्कल आहे का तुला? त्या घाण पानांवर पोरीचं सगळं अवलंबून होतं! हजारदा सांगितलं, पुसू नको, सुधारू नको. काहून केलं असं?"

शेवंतानं पदर खोचला. मग म्हणाली, "घाण पानाचं काय करायचं असते, ते तुमीच तर शिकवलं मले."

"मी?"

"पाचवीत. माही वही फाडली होती तुमी, साऱ्या वर्गासमोर. फेअर करून आण म्हणे. आणली, तर पुन्हा फाडली. सात डाव, बाई. मले लिहिता येतच नव्हतं, तुमाले वाटे मी आळशी हावो." ती भांडत नव्हती, नुसती सांगत होती. "आठवीत सोडली शाळा. म्हणून म्हटलं, गोदूची तरी कोणी फाडू नये."

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. शेवंता आपल्या वर्गात होती एवढं त्यांना माहीत होतं. वही फाडलेली काही आठवेना. तेव्हा त्या रोजच कुणाची ना कुणाची फाडत, आणि त्यासाठीच त्या कडक बाई म्हणून नावाजल्या होत्या. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते त्यांना त्या व्हरांड्यात नीट कळलं.

अर्धा तास झाला. आत गेल्या तर टेबल कोरं. गोदूची मूठ मिटलेली, आणि मुठीत फाडलेल्या कागदाचे तुकडे.

"गंदा हो गया था, मैडम. दूसरा कागज दो ना, फेअर कर देती हूँ."

बाईंना रडावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अब रहने दीजिए. अगले साल देखेंगे." पुढच्या वर्षीची समिती येईपर्यंत गोदूचा बोर्डाचा फॉर्म भरून गेलेला असणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"एक मिनट," म्हणत बाईंनी शिपायाकडून डिंक मागवला. गोदूची मूठ सोडवली आणि एकेक तुकडा जुळवून कोऱ्या पानावर चिकटवला. साहेब उठलेले होते, ते तसेच वाकून बघत राहिले. तीन ओळी. मोजून अकरा शब्द, त्यातले चार खोडलेले. कुकर नाही, दुकानदार नाही, आई नाही.

"ये वही है, जो अभी सुना रही थी?"

"हव," गोदू म्हणाली.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. जास्तीचा वेळ मी लिहून देतो, म्हणाले. लेखनिकाचं वर पाठवावं लागेल, वचन देत नाही. आणि फाटका कागद असा फाइलीला लावता येत नाही. कोणी फाडला ते मॅडमनं लिहून द्यावं, पालकानं खाली सही करावी.

अर्धंच काम, आणि त्यालाही जोडपत्र! पण बाईंनी मुकाट्यानं पेन उघडलं, एक ओळ लिहिली आणि कागद शेवंतापुढे सरकवला.

शेवंता अक्षराखाली बोट धरून वाचू लागली. यह कागज़. मग थांबली. बोट पुढे सरकलं, मागे आलं, पुन्हा पुढे. ओळीत नाव विनोदिनीबाईंचं होतं.

"बाई, हे तर गोदूनं..."

"बरोबर लिहिलंय. कर सही."

शेवंतानं पेन घेतलं. 'शे' काढायलाच तिला वेळ लागला. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, आणि बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"होऊ द्या तिचं," त्या म्हणाल्या.