पावणेदोन पोती

पंडितराव कुठूनही येत असले तरी गावाला ते आधी ऐकू यायचे. पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा पावलापावलाला खुळखुळायचा. घाटनांदूरच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की त्यांचं गाव, आणि गावच्या दूध संस्थेचे ते सेक्रेटरी. जुडग्यात ऑफिसची किल्ली होती, पेंडीच्या शेडची होती, विहिरीला पाणी होतं तेव्हाच्या मोटारीच्या खोलीची होती, आणि दोन भलीमोठी लोखंडी कुलपं होती. त्या कुलपांच्या किल्ल्या कधीच्याच हरवल्या होत्या. पण संस्थेची मालमत्ता ठरावाशिवाय टाकता येत नाही, आणि ठराव मांडायला कुणाला सवड नव्हती. म्हणून पंडितराव ती कमरेला बांधून हिंडत.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. टँकर आला की गाव धावायचं. जनावरांच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या, आणि दुधाचे कॅन निम्मे भरायची मारामार होती. अशात पाडव्याच्या सुमारास संस्थेची सभा भरली. पंडितराव खुर्चीत बसले होते. म्हणजे बरेचसे खुर्चीत आणि थोडेसे खुर्चीबाहेर.

मागच्या ओळीतून शहादेव उठला. म्हातारा, एका म्हशीचा धनी, पण विरोधी पक्ष अख्खा. सभा कसलीही असो, शहादेव उठल्याशिवाय ती झाली असं कुणाला वाटत नसे.

"चेअरमनसायब, एक इचारायचंय," तो म्हणाला. "गावातलं समदं जितराब वाळलं. मानसं वाळली. बाभळी वाळल्या. मग हे एकलेच सेक्रेटरी कावून फुगाय लागलेत? दूध कमी भरतंय म्हनं. आता भरतंय कुठं, ते दिसतंयच की समोर."

सभा एवढी हसली की पत्रे वाजले. चेअरमन सुंदररावांनी रुमाल तोंडाला लावला.

पंडितरावांना हे काळजात लागलं. कारण खरं सांगायचं तर त्यांनी जन्मात दुधाचा थेंब पोटात टिकवला नव्हता. दुधाच्या वासानं त्यांना मळमळायचं. चहासुद्धा कोरा प्यायचे, तोही घरात, दार लोटून. पण दूध संस्थेच्या सेक्रेटरीला दुधाची शिसारी आहे हे चारचौघांत सांगायचं कसं? हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला, वत्सलाबाईंना, ठाऊक होतं. अंगावर जे चढलं होतं ते शेंगदाण्यांचं होतं, गुळाचं होतं, आणि दूध घालायला येणारी बाई जे काही पदराआडून द्यायची त्याचं होतं.

खरं कारण सांगता येईना, तेव्हा माणूस करतो तेच त्यांनी केलं. ते तावात उठले.

"टांगा काटा!" ते ओरडले.

पेंडीच्या शेडमध्ये आढ्याला मोठा तराजू होता. एका पारड्यात पंडितराव बसले, दुसऱ्यात पशुखाद्याची पोती टाकली. एक टाकलं, पारडं हललंही नाही. दुसरं टाकलं, काटा मधोमध उभा राहिला.

"बरोब्बर दोन पोती," शहादेव समाधानानं म्हणाला.

"येत्या पोळ्याला पावनेदोन होऊन दावतो!" पंडितराव पारड्यातूनच गरजले. "न्हाई झालो तर ह्या किल्ल्या तुमच्या हातात दीन, अन् तुमीच व्हा सेक्रेटरी!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पारड्यातून उतरायला दोन माणसं लागतायत.

घरी वत्सलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. उठल्या, शेंगदाण्याचा डबा घेतला आणि शिलाई मशिनच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावलं.

"अगं, त्या खणाची किल्ली?" पंडितरावांनी विचारलं.

"तेवढी एकच किल्ली तुमच्या जुडग्यात न्हाई," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताटात दीड भाकरी, बिनतेलाची मुगाची उसळ, कांदा. ताकाला तर ते शिवतच नसत. पाव्हणेरावळे आले की बघून हळहळायचे, "दुस्काळ हाय म्हनून घरचा कर्ता मानूस अर्ध्या पोटी उठतो बगा, केवढी समज!" पंडितराव डोळे मिटून ते कौतुक कांद्याबरोबर गिळायचे. पहिला महिना गेला, दुसरा गेला. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडावं लागलं. दर पंधरवड्याला ते पहाटे शेड उघडून गुपचूप पारड्यात बसायचे. समोरच्या दोन पोत्यांपुढं त्यांचं पारडं खरोखरच वर उचललं जात होतं.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, आणि तो आला की जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. यातून सुटका नाही. पंडितरावांची सासू चंद्रभागाबाई मांजरसुंब्याच्या पलीकडे राहायची. पंचाहत्तरी उलटलेली, दातांनी कधीच रजा घेतलेली, आवाज मात्र शाबूत.

जाताना एसटीत वत्सलाबाईंनी बजावलं, "एक धोंडा. मानापुरता. कळलं?"

"एकच," पंडितराव म्हणाले. त्यांचा विचार प्रामाणिक होता.

सासूनं पाटाभोवती रांगोळी घातली होती. ताटात धोंडे होते, वर तुपाची धार होती. हे तूप तिनं कुठून आणलं, दोन घागरी पाण्यावर आठवडा काढणाऱ्या घरात पुरण शिजवायला पाणी कुठून आलं, हे विचारायची सोय नव्हती. पंडितरावांनी एक धोंडा खाल्ला आणि हात आखडता घेतला.

"बास, आत्याबाई."

"बास?" चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय चुकलं माजं, जावईबापू?"

"न्हाई हो, पोट भरलं."

"एका धोंड्यात? मांजर खातंय एक. म्होरल्या धोंड्याला मी असते का नसते. खावा न खावा, तुमची मर्जी. म्हातारीचं काय, चुलीत घालते उरल्यालं."

असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते, पण पदराला ते माहीत नव्हतं. पंडितरावांनी दुसरा घेतला. तिसरा सासूच्या समाधानासाठी. चौथ्यापासून पुढं कुणाच्या समाधानासाठी खात होते ते त्यांनाच सांगता आलं नसतं. वत्सलाबाईंनी समोरून डोळे वटारले, पण पंडितरावांनी ताटावरून मान वर केलीच नाही.

निघताना वाण मिळालं. रिवाजाप्रमाणे तेहतीस अनारसे, डब्यात घालून, वर दिवा ठेवून. परतीच्या एसटीत वत्सलाबाईंना डुलकी लागली. पंडितरावांच्या मांडीवर डबा होता आणि मनात विचार होता. विचार दूधवाल्याचाच. कॅनमध्ये एक वाटी आंबलेलं दूध पडलं की अख्खा कॅन नासतो. शीतकेंद्रावर तो कुणी घेत नाही, ओतूनच द्यावा लागतो. आपलाही कॅन आज नासला. आता एका अनारशानं काय किंवा तेहतिसांनी काय. त्यांनी हळूच झाकण उघडलं.

अंबाजोगाई येईपर्यंत डब्यात फक्त खसखस उरली.

"डबा हलका कावून लागतोय?" वत्सलाबाईंनी जाग आल्यावर विचारलं.

"दिवा काढून ठिवलाय ना," पंडितराव म्हणाले, आणि मिशीवरची खसखस पुसली.

त्यानंतर ते सुटले. नासलेला कॅन म्हटल्यावर त्यात काहीही घालायला मोकळीक होती. फाट्यावरची भजी, संस्थेत येणाऱ्या बायकांचे लाडू, शेजाऱ्याचं बारसं, कुणाचीही पंगत. शेवटी एका पहाटे त्यांनी शेड उघडली आणि पारड्यात बसले. समोर दोन पोती होती. त्यांचं पारडं जमिनीला टेकलं. त्यांनी पोत्यांवर एक घमेलं पेंड टाकली, तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

पोळा काही फार लांब नव्हता. खुर्ची जाणार, आणि शहादेव ती घेणार. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, आता अन्न बंद. फक्त लिंबूपाणी.

पहिला दिवस त्यांनी चिडचिडीवर काढला. दुसऱ्या दिवशी कुणाच्याही बोलण्याचा अर्थ लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत दूध घेताना ते वाकले, आणि जे वाकले ते वाकतच गेले. रिकाम्या कॅनच्या उतरंडीवर ते असे कोसळले की वेशीपर्यंत आवाज गेला. टँकर आला समजून बायका घागरी घेऊन धावत आल्या.

रांगेत पुढं शहादेव होता. हातात म्हशीचं ताजं दूध. म्हातारा घाबरला, पण डोकं चाललं. त्यानं पंडितरावांची मान उचलली आणि तांब्यातलं दूध घळाघळा तोंडात ओतलं.

पंडितराव ताडकन उठून बसले. तोंडातलं सगळं दूध त्यांनी शहादेवच्या सदऱ्यावर फेकलं आणि ओकाऱ्या काढत ओरडले, "दूध नगं! मेलो तरी चालंल, दूध नगं!"

तोवर वत्सलाबाई धावत आल्या होत्या. बायकांना त्यांनी "उनानं भवळ आली, जावा" म्हणून परत लावलं. शहादेव मात्र सदरा पिळत तसाच उभा.

"काय भानगड हाय ही?" त्यानं विचारलं.

"त्यान्ला दूध पचत न्हाई, तात्या," वत्सलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ल्हानपनापासून. वाससुदा न्हाई चालत. कुनाला सांगू नगा, तुमच्या पाया पडते."

शहादेवनं आधी पंडितरावांकडं बघितलं, मग कॅनकडं, मग ओल्या सदऱ्याकडं. मग तो मटकन खाली बसला आणि इतका हसला की त्यालाच पाणी पाजावं लागलं.

"दुधाचा सेक्रेटरी, अन् दुधाला भितो! आरं, सांगायचं न्हाई का बे तवाच!" तो डोळे पुसत म्हणाला. "जा, न्हाई सांगत कुनाला. पन पैज ती पैज. पोळ्याला काट्यावर बसायचं."

त्या दुपारी वत्सलाबाईंनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं. दीड भाकरी, मुगाची उसळ, कांदा. पंडितरावांनी ताट सरकवलं.

"आता काय उपेग? नासला समदा कॅन."

"कॅन नासला की तुमी काय करता?"

"ओतून देतो."

"अन् दुसऱ्या दिवशी संस्था बंद ठिवता?"

"संस्था कावून बंद ठिवायची? कॅन धुवायचा अन् सकाळी परत दूध घ्यायचं."

"मग जेवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "अन् त्या अनारशांचं मला एसटीतच कळलं होतं. झोपेत कुरूमकुरूम ऐकू येत हुतं."

पंडितराव जेवले. उपाशी राहून मागचं फेडायचं नाही, आणि एक दिवस घसरला म्हणून पुढचे दिवस सोडून द्यायचे नाहीत, एवढंच त्यांनी धरलं. गावची जनावरं तोवर माळावरच्या चारा छावणीत गेली होती. दूध तिकडून यायला उशीर व्हायचा. मोटारसायकल बाजूला ठेवून पंडितराव रोज सकाळी छावणीपर्यंत पायी जाऊ लागले. छावणीतली माणसं आधी खुळखुळ ऐकायची आणि मग दुधाची कासंडी काढायची. मधे एकदा कुणाच्या तरी घरी जिलबी झाली. पंडितरावांनी खाल्ली, घरी येऊन कबूल केलं, आणि संध्याकाळी नेहमीची भाकरी खाल्ली. वत्सलाबाईंनी मशिनच्या खणाचं कुलूप मात्र काढलं नाही. त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता, शेंगदाण्यांवर नव्हता.

पोळा आला. बैलांच्या शिंगांना बेगड लावलं, अंगावर झुली घातल्या. झुलीखाली बैल थोडेच होते. मिरवणूक मारुतीपासून निघाली ती थेट संस्थेच्या शेडपाशी आली. एका पारड्यात एक पोतं आणि दुसऱ्या पोत्यातली पाऊण पेंड घातली. दुसऱ्यात पंडितराव बसले.

पारडं खाली गेलं. फार नाही, चार बोटं. पण खाली.

"पायतान काढा," सुंदरराव म्हणाले. पायताण काढलं. टोपी काढली. खिशातला कंगवा, रुमाल, सुपारीची डबी निघाली. पंडितराव शर्टाच्या गुंड्यांना हात घालायला लागले, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून वत्सलाबाई खाकरल्या. हात थांबला. काटा अजून दोन बोटं झुकलेलाच होता.

पंडितरावांनी एक सुस्कारा टाकला. पट्ट्याला हात घातला, किल्ल्यांचा जुडगा सोडवला आणि पारड्यातूनच शहादेवपुढं धरला.

"घ्या तात्या. सबूद म्हंजी सबूद."

शहादेवनं जुडगा घेतला, आणि पारडं वर उचललं गेलं. काटा डुलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला.

"पावनेदोन!" कुणीतरी किंचाळलं.

मग जो वाद पेटला तो सहकारालाच शोभणारा होता. एक गट म्हणाला, पैज जिंकली, किल्ल्या परत द्या. दुसरा म्हणाला, परत दिल्या की पुन्हा वजन वाढतंय, मग पैज हरली. हरली तर किल्ल्या शहादेवकडं. शहादेवकडं राहिल्या तर पंडितराव पावणेदोनच, मग हरले कुठं? सुंदररावांनी डोकं धरलं. पंडितराव पारड्यातच बसून होते, कारण वाद मिटेपर्यंत उतरावं की नाही हेही ठरत नव्हतं.

शहादेवनं हातातला जुडगा खालीवर करून बघितला. त्याचा खांदा भरून आला होता.

"हे वज्जं घिऊन रोज पाटंच्या पारी कॅन धुवायचे?" तो म्हणाला. "मला न्हाई जमायचं. भाऊ हो, ह्या मानसानं संस्थेचा थेंब पेला न्हाई, हे मी सांगतो. कसं ते इचारू नगा, माज्या सदऱ्याला म्हाईत हाय. जिंकली पैज. अन् ठराव मांडतो: ही दोन भंगार कुलपं आजपासून भिंतीवरच्या खिळ्याला. सेक्रेटरीनं कमरेला बांधायची न्हाईत."

शहादेवनं मांडलेला आणि मंजूर झालेला तो पहिलाच ठराव.

त्या दुपारी शहादेव पंडितरावांकडंच जेवायला होता. पोळ्याचा सण, पुरणपोळी होती. पंडितरावांनी दोन खाल्ल्या. शहादेव तिसरी त्यांच्या ताटात ढकलू लागला, "घ्या की सेक्रेटरी, आता कुठं काट्यावर बसायचंय?" पंडितरावांनी बायकोकडं बघितलं. वत्सलाबाई दुसरीकडंच बघत होत्या.

पंडितरावांनी तिसरीही खाल्ली, तुपात बुडवून, बोटं चाटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपं भिंतीवर होती, त्यामुळं छावणीतल्या लोकांना खुळखुळ ऐकू आलीच नाही. ते बेसावध असताना पंडितराव येऊन उभे राहिले, पायी, घामाघूम, आणि खिशात दुपारची भाकरी बांधलेली.