रंगरूटाचा बिल्ला

पितळेच्या साच्यात सगळं उलटं कोरावं लागतं. सातवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला ते बरंच पडलं. सरळ अक्षरांशी माझं कधी फारसं जमलं नव्हतं; उलटी मात्र झटकन वाचता येऊ लागली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना छोटासाच, बटणं, बक्कलं आणि शाळांचे बिल्ले करणारा. माझं गाव तिकडे बीडकडे. जवळच कुंभवलीत खोली होती, दोन वेळचं जेवण होतं, हातात कोरणी होती. आणखी काय हवं, असं वाटायचं. आणि हे सगळं कधीही जाईल, असंही वाटायचं.

कारण नोकरी लागली ती एका शब्दावर. गेटवर केळव्याचे हवालदारकाका असत, फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी मालकांनी विचारलं, ‘‘इथं ओळखीचं कोण?’’ मागून काका म्हणाले, ‘‘माझा माणूस हाय.’’ त्यांची माझी ओळख दहा मिनिटांची. त्यांच्या माठातलं पाणी पिऊन मी पेला धुऊन पालथा ठेवला होता, तेवढीच. तेव्हापासून त्यांचा शब्द आपल्यामुळे खाली पडू नये, ही काळजी मला चिकटली.

काकांच्या खाकी टोपीवर त्यांच्या पलटणीचा पितळी बिल्ला असायचा. गेटवर बसून रोज सकाळी ते तो पॉलिश लावून फडक्याने घासत. वर्षानुवर्षं घासून तो गुळगुळीत झाला होता. मधोमध काहीतरी वाकडं, वर एक उंचवटा, खाली दोन रेघा. काय आहे ते कळत नसे.

खंडेनवमीच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. ‘‘मशीनवर जरा चमकव. पूजेला ठेवायचा हाय.’’

मला वाटलं, उपकार फेडायची हीच वेळ. नुसता चमकवून काय देणार? भिंगातून पाहिलं, तर झिजलेल्या रेघांचा माग दिसत होता. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत कोरणी घेऊन बसलो. वाकड्या आकारातून बिगूल निघाला, त्याच्या दोरीची गाठ निघाली, खालच्या रेघांच्या तलवारी झाल्या, वरच्या उंचवट्यातून सिंह बाहेर आले. आयुष्यात इतकं नाजूक काम मी केलं नव्हतं.

काकांनी बिल्ला हातात घेतला. अंगठा फिरवला. परत फिरवला.

‘‘हा कोणाचा?’’

‘‘तुमचाच, काका.’’

‘‘माझा नाय.’’ बिल्ला तळहातावर उलटासुलटा करत म्हणाले, ‘‘नवा बिल्ला रंगरूटाचा असतो, नव्या भरतीच्या पोराचा. आमी पोरं पहिल्या वर्षी तो विटेवर घासायचो, आपण जुने दिसावं म्हणून. कवायत शिकवणारे उस्ताद कान धरायचे, म्हणायचे, नोकरी करून झिजव. म्हातारपणी मला परत रंगरूट केलंस तू.’’

त्यांनी तो खिशात टाकला. पूजेला ठेवला नाही. पुढचे दोन दिवस ते बिनबिल्ल्याच्या टोपीने बसले आणि मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून आत जात होतो. ‘माझा माणूस’ हा शब्द त्यांनी मागे घेतला असेल का, एवढंच डोक्यात.

रविवारी केळव्याला त्यांच्या घरी गेलो. सुपारीच्या वाडीत काका पाटाचं पाणी वळवत होते. मी बोलूनच टाकलं, ‘‘काका, चुकलं माझं. द्या तो बिल्ला इकडं, बफच्या चाकावर पाच मिनिटांत पहिल्यासारखा गुळगुळीत करतो.’’

‘‘पंचवीस वर्षं पाच मिनिटांत?’’ ते म्हणाले. रागावून नाही, पण मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ‘‘कसला बिल्ला? बघू तरी.’’ काकांनी नाइलाजाने खिशातून काढून दिला. काकूंनी तो उन्हात धरला, तिरका केला.

‘‘अगोबाई, हा बिगूल हाय? मला वाटायचं केळफूल हाय!’’

‘‘केळफूल?’’ काका ओरडले. ‘‘पलटणीच्या बिल्ल्यावर केळफूल?’’

‘‘मग काय समजणार? तुमी कधी सांगितलंत? आणि ही कुत्री कसली वर?’’

‘‘सिंह हायत ते!’’ काका खाली बसलेच. बिल्ला काकूंच्या हातातून घेऊन बोटाने दाखवू लागले. डोंगरात झपझप चालणारी पलटण, ढोल कोण वाहणार, म्हणून हुकूम बिगुलावर. दोरीची गाठ म्हणजे एकदा बांधलं ते सुटत नाही. सिंहांच्या जागी आधी इंग्रज राजाचा मुकुट होता. उस्तादांनी तो घातलेला, आणि स्वातंत्र्यानंतर स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलेला. तलवारींवर बोट ठेवून काका काकूंकडे बघून म्हणाले, ‘‘ह्या दोन एकमेकींना का भिडल्यात, ते तुला सांगायला नको. घरात रोजचंच हाय.’’

‘‘बोला, बोला. पाहुण्यासमोर बोला,’’ काकू हसत म्हणाल्या. चहा पार निवला होता. तसाच प्यायलो, गोड लागला.

निघताना काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘ती दोरीची गाठ तू कशी काय बरोबर काढलीस रे?’’

‘‘माग होता, काका. नुसता त्याच्यावरनं गेलो.’’

सोमवारी सकाळी गेटवर मालाचा ट्रक उभा होता. काकांच्या टोपीवर बिल्ला होता. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, ‘‘हवालदारसाब, नया लिया क्या?’’

‘‘नया नहीं है,’’ काका म्हणाले, ‘‘धार लगवाई है.’’ आणि माझ्याकडे हात करून, ‘‘अपना आदमी है.’’