निवटी आणि खोटा चिखल

समिधा नाखवाच्या गेममध्ये माणूस पहिल्या दहा मिनिटांत निदान वीस वेळा मरतो, आणि हे सांगताना ती जराही ओशाळत नाही. ठाण्याच्या कोळीवाड्यात वाढलेली समिधा मानपाड्याच्या एका कारखान्यात खोक्यांवरची लेबलं डिझाइन करते. तीन वर्षं ऑफिस सुटल्यावर तिने एकच काम केलं : जुन्या व्हिडिओ गेमसारखा, चौकोनी ठिपक्यांनी रंगवलेला स्वतःचा गेम. नायिका निवटी, म्हणजे ओहोटीच्या चिखलावर टुणटुण उडणारा, डोळे वटारलेला मासा. बगळे, खेकडे, जाळी चुकवत निवटीने भरती यायच्या आत बीळ गाठायचं. चुकलं की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

दिवाळीनंतर नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये इथल्याच गेम बनवणाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं. शनिवारी दुपारपर्यंत समिधाच्या टेबलाशी वीसेक जण खेळले; तिसरा टप्पा एकालाही पार झाला नाही. आयोजकांतला सौमित्र शेवटी तिच्यापाशी आला.

"अगं, थोडा सोपा कर ना. लोक वैतागून उठतायत."

"उठतात आणि परत रांगेत उभे राहतात, ते नाही बघितलंस? सोपा नाही करणार."

थोड्या वेळाने तिचे वडील धाकू डबा घेऊन आले. चाळीस वर्षं खाडीत होडी घातलेला माणूस. "सगळी मरतात तो टप्पा लाव बघू," म्हणत खुर्चीत बसले. दोनदा त्यांना बगळ्याने खाल्लं, नऊ वेळा निवटी चिखलात रुतली. त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"बगळ्याने खाल्लं ती माझी चूक. पण हे रुतणं माझी चूक नाय गो. तुझा चिखल खोटा हाय."

"खोटा म्हणजे?"

"रुतवणारा चिखल पाणी धरून असतो, चकाकतो. पाय टाकायच्या आधी कळतं. तुझा सगळा सारखाच काळा. माणसाने बघायचं तरी काय?"

समिधाला राग आला, पण स्वतःचाच. त्या जागेवरून ती हजारो वेळा गेली होती. कुठे रुततं ते तिला पाठच होतं, म्हणून तिने तिथे कधी नीट बघितलंच नव्हतं. डबा तसाच ठेवून तिने लॅपटॉप उघडला आणि रुतणाऱ्या प्रत्येक जागेवर तीन फिकट ठिपके टाकले. बाकी कशाला हात लावला नाही.

रविवारी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या रचना साळवे खेळायला बसल्या. विसाव्या मरणाला त्या पुटपुटल्या, "आता कळतंय मी कुठे चुकतेय ते." अडतिसाव्या खेपेला तिसऱ्या टप्प्यातली निवटी बिळात शिरली, तेव्हा मागे जमलेल्या लोकांनी एवढा गलका केला की शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले.

"म्हणजे केलासच सोपा!" सौमित्र म्हणाला.

"एक उडीसुद्धा बदललेली नाही," समिधा म्हणाली. "आता फक्त दिसतं."

गेम फेब्रुवारीत बाहेर आला. समिधाने नोकरी सोडलेली नाही. शुक्रवारची सुट्टी तेवढी मागून घेतली आहे. त्या दिवशी बापलेक ओहोटीला खाडीवर जातात. धाकू बोट दाखवत बोलत राहतात आणि ती चौकटीच्या वहीत ठिपके भरते. पुढचा गेम याहून अवघड असेल, असं तिने सगळ्यांना आधीच सांगून टाकलंय.