घोंगड्यातली पिवळी भुकटी

त्या हंगामात आमच्या विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात तीन प्रदर्शनं ठरली होती: साताऱ्याच्या विद्यार्थ्यांची मुद्राचित्रं, माधवनगरच्या कापडाचे जुने नमुने आणि शेवटी जत भागातली घोंगडी. वस्तू आणणं, नोंदवणं, साफ करून मांडणं आणि परत पोचवणं हे माझं काम. प्रत्येक वस्तूचा एक कागद असतो. पहिली दोन प्रदर्शनं वेळेत लागली, वेळेत उतरली.

तिसऱ्यातलं सगळ्यात जुनं घोंगडं मी स्वतः जतकडच्या एका वस्तीवरून आणलं. मालक सत्तरीचे, मेंढरांमागे हयात घालवलेले. ते द्यायला तयार नव्हते, कारण जत्रेला त्यांचा देव त्याच घोंगड्यावर बसायचा. ‘जत्रेच्या आधी परत, जसं दिलंत तसं,’ असं मी कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांनी घडी माझ्या हातात ठेवली.

उद्घाटनाच्या सकाळी ते सुनेबरोबर आले. सून दारातूनच म्हणाली, “बगा मामा, दिव्याखाली कसं ऐटीत बसलंय! घरात कवा येवढा मान दिला व्हता का तुमी?”

ते हसले नाहीत. वाकून त्यांनी घोंगड्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

“भंडारा कुठं हाय?”

मी घोंगड्याचा नोंदीचा कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पिवळी भुकटी, विणीत खोलवर, काढली. दोन दिवस लागले होते त्याला. व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून, एकही धागा दुखावू न देता मी ती ओढून घेतली होती. काम चांगलं झालं म्हणून खूशही होते.

“आज्याच्या आदीपासनं पडलेला व्हता त्यो,” ते म्हणाले. “कवा झटकलं न्हाई आमी.”

मी साताऱ्याची. पालीच्या खंडोबाचा भंडारा लहानपणापासून कपाळाला लावत आले आहे. तोच भंडारा टेबलावर मला ओळखता आला नव्हता. तिथे तो मला धूळ वाटला होता.

“आधी सांगायचं होतंत,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“सांगायचं काय त्यात, बाई? देवाम्होरं चपला काढा म्हणून सांगतं का कोण?” मग, “टाकलासा कुठं?”

“कचऱ्यात. घंटागाडी घेऊन गेली.”

हे मीच बोलत होते. सुनेनं पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, “आवं मामा, जाऊ द्या की. जेजुरीस्नं पोतंभर आणू.”

“आण की. नव्या घोंगड्यावर टाक. ह्यावर आता देव न्हाई बसायचा.” मग माझ्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता, “ह्ये ठिवा तुमीच.”

मी नको म्हणाले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्यांनी मान हलवली, एवढंच. देणगीचा अर्ज मला भरावा लागला आणि त्यांनी त्यावर सही केली.

संध्याकाळी आमच्या संचालकांनी व्यासपीठावरून या देणगीची घोषणा केली. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. देणारे केव्हाच निघून गेले होते. जत्रेला बारा दिवस उरले होते, आणि तेवढ्या दिवसांत नवं घोंगडं विणून देईल असा माणूस त्यांना शोधायचा होता.