भिंगरीमामाचं बोट

माझा मामा एका जागी बूड टेकून बसलेला मी कधी पाहिला नव्हता. चहासुद्धा तो उभ्याउभ्या प्यायचा, आणि रिकामा कप ठेवायला आत गेला की येताना कुठल्या तरी दाराची बिजागरी आवळून यायचा. पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरतो म्हणून घरात त्याचं नाव भिंगरी पडलं, आणि आम्हा भाचरांसाठी तो भिंगरीमामा झाला.

धंदा यंत्रं दुरुस्त करण्याचा. कोणती यंत्रं, ते मात्र तुम्ही कधी विचाराल त्यावर होतं. तरुणपणी टाइपरायटर. कोर्टासमोरच्या गल्लीत त्याचं चिंचोळं दुकान होतं. ते जाऊन फॅक्स आले, मामा फॅक्स शिकला. त्यात हात बसतोय तोवर फॅक्सही गेले. मग झेरॉक्स मशीन. त्या काळात मामाने नाक शिंकरलं तरी रुमाल काळा व्हायचा. मग प्रिंटर, आणि शेवटी मोबाइल, जे उघडायला त्याला दोन चष्मे लागायचे. गल्लीही तशीच. समोरचा स्टेशनरीवाला गेला, तिथे जिम आली, जिम गेली, तिथे नुसतीच काच आली आणि आत काय चालतं ते कुणालाच कळेना.

"वस्तू हातात मुरते न मुरते तोच तिचं मरण येतं बघ," मामा हसून म्हणायचा. पण हसताना त्याची नजर दाराकडे असायची, आणखी काय बदलून आत येतंय ते पाहत असल्यासारखी. तो घाबरलेला असायचा. आयुष्यभर घाबरलेला होता, असं मी आता सरळच म्हणते.

या भीतीवर त्याने एक उपाय शोधला होता. काही ठरवायचं असलं की मामा बायबल घ्यायचा, डोळे मिटून मधूनच कुठे तरी उघडायचा आणि पानावर बोट ठेवायचा. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे वरून आलेलं उत्तर. टाइपरायटरचं दुकान बंद करावं का, असं विचारलं तेव्हा बोट पडलं देवाच्या मंडपाच्या पडद्यांच्या लांबीरुंदीवर. "माप दिलंय!" म्हणत मामाने दुसऱ्याच दिवशी मोठा गाळा घेतला. फॅक्सच्या वेळी कुणाला कोण झाला याची लांबलचक वंशावळ निघाली, तर म्हणे धंद्याची वाढ होणार. न आवडणारी ओळ आली की बोट घसरलं म्हणायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा.

"ते शास्त्र आहे की सोडतीचं तिकीट?" मामी विचारायची.

मामी एका शाळेत शिवण शिकवायची, आणि शिवणीसारखीच सरळ रेषेत चालायची. रोज संध्याकाळी भांडी झाली की ती एक अध्याय मोठ्याने वाचायची. पहिल्या पानापासून ओळीने, काही न गाळता, आणि शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि त्या दिवशीच्या अध्यायात नेमकी कातडीवरच्या चट्ट्यांची लक्षणं आली. चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच एखादं स्तोत्र सुचवून पाहिलं. मामी म्हणाली, "आज हे आहे," आणि सगळे चट्टे वाचून झाल्यावरच केक कापला. वाचन चालू असताना मामा या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत अर्धंमुर्धं ऐकायचा.

मग मामीला धाप लागायला लागली. आधी जिन्यात, नंतर अंथरुणाची चादर घालतानाही. हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं नाही तर श्वास असाच आखडत जाणार, आणि केलं तर या वयात टेबलावरच काही होऊ शकतं. मामी म्हणाली, "करू या." इतकंच. पण मामाच्या तोंडचं पाणी पळालं. आणखी दोन डॉक्टर गाठून झाले. नात्यातल्या ज्याच्या त्याच्या झडपेची चौकशी झाली. रात्री तो झोपेना आणि दिवसा हातातला मोबाइल उघडून ठेवून स्क्रू विसरायचा. गिऱ्हाइकं कावली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात मामीजवळ होते. तिचे कपडे आणायला मामा घरी गेला होता. तो आला तो जवळजवळ पळतच. पिशवीत एकच चप्पल, टॉवेल नाही, पण बायबल होतं. चेहरा पांढराफटक.

"चल, घरी चल. ऑपरेशन नाही करायचं."

"अहो, काय झालं?"

"काही नाही. उठ. मी सिस्टरना सांगतो."

तो खरोखरच मामीचं सामान गोळा करायला लागला. पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, शेजारच्या पेशंटचा कंगवासुद्धा. सही झालीय, सकाळी पहिला नंबर आहे, असं मी सांगत होते, पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. मामी मात्र शांतपणे त्याच्याकडे पाहत राहिली. चाळीस वर्षं ओळखत होती ती या माणसाला.

"कुठे पडलं बोट?" तिने विचारलं.

मामाचे हात थांबले. त्याने मान हलवली. तिने पुन्हा विचारलं. शेवटी त्याने दुमडलेलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. एका संदेष्ट्याच्या पुस्तकातला अडतिसावा अध्याय होता. एक राजा आजारी पडतो आणि संदेष्टा येऊन त्याला सांगतो की घराची निरवानिरव कर, तू काही जगणार नाहीस. मीही ते वाचलं. हसण्यावारी नेण्यासारखी ओळ नव्हती ती.

मामी हसली. हसता हसता तिला धाप लागली, मी पाठीवर हात फिरवला, आणि श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "पुढे वाचा."

"पुढे काय वाचायचं? स्पष्ट लिहिलंय की."

"अहो, पुढे वाचा म्हणते ना."

मामाने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. त्याचं रडणं ऐकलं जातं आणि त्याला आणखी पंधरा वर्षं मिळतात. मामाचा आवाज एकदम चढला.

"पंधरा वर्षं! ऐकलंस? करू या ऑपरेशन! सिस्टर, काही नाही, काही नाही, होऊ दे सगळं!"

मामीने कपाळाला हात लावला. "ती त्या राजाची वर्षं आहेत. तुम्ही काय माझ्या नावावर करून घेताय? बसा आधी. आज मी माझी ओळ सोडते, आज तुमच्या ठिकाणापासून वाचू. पुढे काय आहे?"

मामीने आपला क्रम मोडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मामालाही ते जाणवलं असावं, कारण तो स्टुलाच्या कडेवर टेकला. पुढच्या अध्यायात तोच राजा बरा होतो, लांबून पाहुणे येतात, आणि हा फुशारकीने त्यांना आपला सगळा खजिना दाखवत सुटतो.

"याचा अर्थ काय पण?" मामा कळवळून म्हणाला. "करायचं की नाही करायचं?"

"मला नाही माहीत. उद्याचं कळावं म्हणून मी नाही वाचत हो. उद्या काहीही झालं तरी पुढचा अध्याय असतोच, तेवढ्यासाठी वाचते."

"आणि तू नसलीस तर?"

"तर तुम्ही वाचायचा," ती म्हणाली. झोपेच्या गोळीने तिचे डोळे जड झाले होते. राजाचे पाहुणे अजून खजिन्यातच होते आणि ती झोपली.

दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं, आणि बाहेरच्या बाकावर मामाने तेच पुस्तक उघडलं. राहिलेला अध्याय संपवून तो पुढच्यावर आला. चार ओळी वाचायचा, उठायचा, काचेच्या दारातून डोकावून यायचा. मग वाचलेलं काही लक्षात नाही म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून. पाण्याचं मशीन ठिबकत होतं, ते त्याने जाताजाता ठीक केलं. माझा जीव टांगणीला लागलेला, त्यात या माणसाच्या येरझारा! "मामा, बस ना रे," मी ओरडलेच. तो बसला. पुन्हा उठला. पुन्हा पहिली ओळ. असं किती वेळा झालं, देव जाणे. पण हळूहळू तो एक ओळ पुढे, दोन ओळी पुढे सरकायला लागला, ओठ हलायला लागले, आणि अर्धा अध्याय होईपर्यंत त्याचं उठणं थांबलं. गवत सुकतं, फुलं गळतात आणि काय टिकतं, याबद्दल तिथे काही होतं. तेवढं त्याने दोनदा वाचलं, पण लक्षात राहिलं नाही म्हणून नव्हे.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि तोंडावरचा मास्क काढायला लागले. मी ताडकन उठले. मामाने मान वर केली आणि हात उचलला.

"डॉक्टर, एक मिनिट हं. थोडंच राहिलंय."

डॉक्टर बघतच राहिले. मी मनातल्या मनात मामाला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता येणार नाही. त्याचं बोट ओळीवरच होतं. भीतीने थांबला होता की धीर आला म्हणून, मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही असावं. थकलेल्यांना बळ मिळण्याबद्दलच्या त्या शेवटच्या ओळी त्याने घाई न करता मोठ्याने वाचल्या, आणि पुस्तक मिटलं.

"हं. सांगा आता."

मामी वाचली होती. मामाने ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला, आणि बाकावर बसून ढसाढसा रडला.

तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. नाकात नळी होती, आवाज फाटका. मामा खाटेपाशी उभा होता, उशी सरळ करत, पडदा ओढत, पुन्हा उशी सरळ करत.

"कुठपर्यंत आलात?" तिने विचारलं.

"चाळिसावा संपला," मामा शाळेतल्या मुलासारखा ताठ होत म्हणाला. "एक ओळही गाळली नाही."

"आणि मी कुठे होते?"

मामा आठवायला लागला. "पाहुणे आले होते. राजा त्यांना खजिना दाखवत होता."

"मग मला तिथे टाकून एकटेच पुढे गेलात?" ती म्हणाली. "या माघारी."

मामाने स्टूल ओढलं, पाय आत घेऊन नीट बसला, आणि पान मागे उलटलं.