डब्याचं झाकण

आज फ्रीजमधल्या डब्याचं झाकण निघेना, तेव्हा अमरावतीतली ती थंडीतली सकाळ आठवली. बारावीत होते, क्लाससाठी खोली करून राहत होते. वायूंचा धडा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. शेवटी घरी फोन केला, "मले नाई जमत, न्याले या," आणि बॅग भरून दाराशी ठेवली. बाबा तिवस्याहून पहिल्या एसटीनं आले. सोबत आईनं गरमागरम भरून दिलेला वरणाचा स्टीलचा डबा होता. वाटेत तो पार गार पडला आणि झाकण घट्ट बसलं. बाबा चमच्यानं ठोकायला लागले. "ठोकू नोका," मी वैतागून म्हटलं, "आतली हवा थंड झाली, तिचे कण सुस्तावले, आता बाहेरची हवा झाकण दाबून राहिली." आंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीत मी डबा धरला. थोड्या वेळानं झाकण टक्कन सैल झालं आणि लसणाच्या फोडणीचा वास खोलीभर पसरला. बाबा माझ्याकडे बघत होते. "जमते त तुले," एवढंच म्हणाले. आम्ही जेवलो. निघताना त्यांनी बॅगेला हात घातला, "नेऊ मंग?" मी म्हटलं, "डबा तेवढा न्या."